रबराचा धागा, चांदीची जाळी

दोस्तांनो, आज वाचायला बसण्याआधी एक उद्योग करायचा. शिंप्याकडे असतो तसला कापडी टेप आणि पेन घ्या. भावाला किंवा मैत्रिणीला ताठ उभं करा. कमरेच्या मागे, बरोबर कण्यावर, दोन खुणा करा. एक कमरेवर दोन खळ्या दिसतात त्यांच्या रेषेत, दुसरी तिच्या वर 10 सेंटिमीटरवर. आता गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि पुन्हा मोजा. अंतर चार-पाच सेंटिमीटरनी वाढलेलं दिसेल! (शाई निघत नाही म्हणून बोलणी बसली, तर ती तुमची तुम्ही खा.) डॉक्टरसुद्धा कंबर किती लवते हे असंच मोजतात.

ही झाली कातडी. पण मणक्यांच्या आतला मेरुरज्जूही, इतका नसला तरी, वाकताना ताणला जातो आणि ताठ झालो की पूर्ववत होतो. मेंदूचे निरोप हातापायांना पोचवायचे ते यानेच. जाडी करंगळीएवढी, आणि मऊ म्हणाल तर खरवसासारखा.

आमच्या गावचे एक काका नारळाच्या झाडावरून पडले. पाय शाबूत, मेंदू तल्लख, पण मेरुरज्जूला मार बसला. तेव्हापासून पाय हलत नाहीत. निरोपच पोचत नाही ना! अशा वेळी दुखापतीच्या खाली काय चाललंय हे ऐकायला आणि तिथल्या पेशींना बाहेरून जागं करायला तिथवर तार न्यावी लागते. पण खरवसात सुई खोचून ताटली हलवली तर काय होईल? धातूची तार तेच करते. मग शरीर तारेभोवती व्रणाचा थर चढवतं आणि ऐकू येणं मंदावतं.

प्रकाश नेणारे काचेचे तंतू तर आहेतच. ‘पोटात दुर्बीण घातली’ असं तुम्ही ऐकलं असेल. 1957 साली बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी अशा तंतूंची नळी पहिल्यांदा स्वतःच गिळून पाहिली होती! पण काचेचा तंतू वाकतो, ताणला की मात्र तुटतो.

म्हणून अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत पोलिना अनिकीवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रबरासारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचा धागा बनवला. हे काम 2017 साली प्रसिद्ध झालं. चिकीचा पाक ओढला की तार निघते ना, तसा हा जाड कांडी तापवून, ओढून काढतात. आतून प्रकाश जातो. पण वीज कशी न्यायची? धातूचा पत्रा गुंडाळला तर ताणल्यावर त्याला भेगा पडणार. त्यांनी केसाच्या शेकडो पट बारीक अशा चांदीच्या तारांची जाळी धाग्यावर चढवली. गवताची पेंढी ओढून पाहा. काड्या एकमेकींवरून घसरतात, पण एकमेकींना टेकलेल्याच राहतात. तसंच इथे होतं आणि वीज वाहत राहते. 10 सेंटिमीटरचा धागा 12-13 सेंटिमीटर ताणला तरी चालतो. मला विचाराल तर सगळ्या कामातली ही जाळीच सर्वांत नामी!

हा धागा त्यांनी उंदरांच्या मेरुरज्जूत बसवला. उंदीर इकडेतिकडे फिरत असताना आतले विजेचे निरोप टिपता आले. काही उंदरांच्या पेशींमध्ये तर शेवाळात सापडणारं, प्रकाश ओळखणारं एक प्रथिन होतं. धाग्यातून उजेड सोडला की त्यांचा मागचा पाय हलायचा, आणि त्याच क्षणी मेरुरज्जूत काय चाललंय हे चांदीची जाळी सांगायची.

हे उंदीर मुळात लुळे नव्हते बरं का. शिवाय आपल्या पेशींना उजेड कळत नाही. तेव्हा हा काही उपचार नव्हे. पांगळेपणात नेमकं काय बिघडतं आणि काय सुधारतं, हे शोधायचं ते एक साधन आहे.

गेल्या सुट्टीत काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग माझ्यापर्यंत कधी येणार?”

“काका, अजून उंदरांपर्यंतच आलंय.”

“बरं,” काका म्हणाले, “उंदरांची खुशाली कळवत जा हो!”