संशोधनाची जागा विकत मिळत नाही

‘मुलीला पीएच.डी.साठी युरोपात पाठवायचे, तर किती लाख लागतील?’ हा प्रश्न आपल्या समाजात हल्ली वारंवार ऐकू येतो. सांवेर रोडच्या कारखान्यांत पाळ्या करून संसार उभा केलेले पालक त्यासाठी घर गहाण टाकायलाही तयार होतात. त्यांच्या तळमळीचा पूर्ण आदर राखून सांगावेसे वाटते, की सुरुवात पैशापासून करू नये.

जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क या देशांत पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा किंवा संशोधन संस्थेचा पगारी कर्मचारी असतो. जागेची रीतसर जाहिरात निघते. विषय, मुदत, पगार, अर्जाची शेवटची तारीख, सारे तिच्यात असते. युरोपीय आयोगाच्या ‘युरॅक्सेस’ या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर अशा जाहिराती फुकट वाचता येतात. ब्रिटनमध्ये मात्र शुल्क मोठे असते; तिथे शिष्यवृत्ती हाती आल्याखेरीज निघू नये. निवड प्राध्यापक आणि विद्यापीठ करतात. मग ‘जागा मिळवून देतो’ म्हणणारा मध्यस्थ नेमके काय विकतो, हे पालकांनी त्याला जरूर विचारावे.

ही जागा मिळते ती केलेल्या कामावर. आपल्या इंदूरातच जन्मलेल्या कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांचे उदाहरण पाहा. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी सोसून प्रवेश मिळवला आणि दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. ते काम गाठीशी घेऊन, शिष्यवृत्तीवर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा!

विद्यार्थी मित्रांनो, तयारी इथेच करायची आहे. या जागांसाठी बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. किंवा एम.टेक. लागते. त्यातला प्रकल्प स्वतः करा, दुसऱ्याचा उतरवू नका. प्राध्यापकांना पत्र लिहिण्याआधी त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचा. शंभर जणांना एकच पत्र पाठवू नका. नकार पुष्कळ येतील, ते गृहीत धरा. आणि संशोधनाचा विषय शोधायला दूर जायला नको. कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेली कान्ह नदी आपल्या जवळूनच वाहते. तिच्या पाण्याची वर्षभर केलेली नोंदवहीसुद्धा संशोधनाचा श्रीगणेशा ठरू शकते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. गुणवंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आपण हौसेने करतो, तो जरूर करावा. पण त्यातला थोडा खर्च वाचवून एक छोटा निधी उभारावा. इंग्रजीची परीक्षा, अर्जाचे शुल्क, पासपोर्ट, प्रमाणपत्रांच्या प्रती हे खर्च पगार सुरू होण्याआधीचे असतात आणि हुशार मुले, विशेषतः मुली, तिथेच अडतात. घर गहाण टाकण्यापेक्षा एवढी मदत समाजाने करणे कितीतरी सोपे आहे.