मठांच्या भिंती आणि विद्यापीठांची अंदाजपत्रके

नांदगावच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असते, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. गणेशखिंडीतील ती वास्तू मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होती. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि राजवैभवाच्या दालनांत विद्येचा कारभार सुरू झाला. बांधकामाच्या वेळी उधळपट्टी म्हणून गाजलेला खर्च अखेर असा सत्कारणी लागावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! जे गव्हर्नरांच्या प्रासादाचे झाले, ते ओस पडलेल्या ख्रिस्ती मठांचे व चर्चवास्तूंचे का होऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर जुन्या गोव्यातील एकाच टेकडीवर मिळते. तेथे सेंट ऑगस्टीनचे भव्य चर्च होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, वास्तू निर्मनुष्य झाली. १८४२ मध्ये तिची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला. आज उरला आहे तो एकाकी मनोरा. शेजारीच सांता मोनिकाचा मठ आहे. १६२७ मध्ये पूर्ण झालेला, १६३६ च्या आगीत होरपळून पुन्हा उभारलेला. नव्या जोगिणी घेण्यास बंदी झाल्यामुळे तोही ओसाडीच्या वाटेवर होता. परंतु १९६४ मध्ये तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी मातेर देई संस्था आली, पुढे २००२ मध्ये ख्रिस्ती कलासंग्रहालयही आले. दोन्ही वास्तूंवर पडणारा पाऊस तोच. फरक राबत्याचा आहे.

मात्र केवळ राबता पुरत नाही. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा लागतो. घाईने सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरली जाते. कौले दरवर्षी चाळावी लागतात. आमच्या शिक्षणसंस्थांची खोड अशी की, कोनशिलेसाठी भांडवली अनुदान धावतपळत मिळते. कौले चाळण्यासाठी आवर्ती खर्चाची तरतूद मागितली की लेखाधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कौले चाळण्याच्या समारंभास मंत्रिमहोदय येत नाहीत, हेही कारण असावे.

हॉलंडमधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे मुख्य प्रशासन जुन्या फ्रान्सिस्कन मठात चालते. मठाच्या लहान खोल्या व लांब ओवऱ्या अभ्यासिका आणि कार्यालये यांना सोयीच्या पडतात. उपासनामंदिराची गोष्ट निराळी. नाशिकच्या शरणपूर भागातील सेंट अँड्र्यूजसारखे, जेथे उपासना चालू आहे, ते चर्च विद्यापीठाच्या हिशेबात धरूच नये. ओस पडलेल्या चर्चमध्येही वेदीच्या जागी फळा लावण्यापूर्वी स्थानिक ख्रिस्ती समाजाची संमती घेतलीच पाहिजे. मालकी सरकारी असली तरीही.

तेव्हा अशा पुनर्वापराचा प्रस्ताव येईल, तेव्हा वास्तुविशारदाच्या रंगीत चित्रांआधी दोन कागद मागावेत: समाजाचे संमतिपत्र आणि पुढील वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखविणारे अंदाजपत्रक. दुसरा कागद नसेल तर पहिला हप्ताही मंजूर होऊ नये.