विश्लेषण : ‘तुम्ही डेंकालीवाले का?’ कॉमिक्सवेडे एकमेकांना अशी ओळख का विचारतात?

कॉमिक्स वाचणाऱ्या दोन अनोळखी माणसांना चहाच्या टेबलावर समोरासमोर बसवून पाहा. नाव, गाव, नोकरी हे सगळं दुसऱ्या मिनिटाला मागे पडतं. ‘तुमचा हिरो कोण?’, ‘पहिला अंक कुठला हाती लागला?’, ‘इंद्रजाल मराठीत वाचलंत की इंग्रजीत?’ असे प्रश्न सुरू होतात. पन्नाशी ओलांडलेला बँक अधिकारी गंभीर चेहऱ्यानं सांगतो, ‘मी वेताळवाला.’ शेजारची कॉलेजातली मुलगी सांगते, ‘मी वन पीस.’ ऐकणाऱ्या तिसऱ्याला हे पोरकट वाटतं.

पण कॉमिक्सच्या शंभरेक वर्षांच्या प्रवासात बराच इतिहास याच पोरकट वाटणाऱ्या ओळखींनी टिकवला आहे. मराठीत ही ओळख सांगायला माणसं बिचकतात आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत. ती कशी, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ही रीत आली कुठून?

सुरुवात कॉमिक्सपासून नव्हे, विज्ञानकथांच्या मासिकापासून झाली. अमेरिकेत 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं आणि वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यासकट छापली. संपादकाला लिहिणारे वाचक मग परस्पर एकमेकांनाच लिहू लागले. ‘मी अमुक गावचा, मला तमुक लेखक आवडतो’ अशा पत्रांतून गट जमले, गटांतून हौशी नियतकालिकं निघाली. क्लीव्हलँडच्या शाळेत शिकणारा जेरी सीगल हा त्यातलाच एक. मित्र जो शुस्टर याच्या चित्रांसह त्यानं 1933 मध्ये स्वतःच्या हौशी अंकात एक ‘सुपरमॅन’ छापला. तो चक्क खलनायक होता. पाच वर्षांनी, 1938 मध्ये, याच जोडगोळीचा सुधारलेला, उडी मारून इमारती ओलांडणारा सुपरमॅन ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. सुपरहिरो नावाचा अख्खा धंदा दोन चाहत्यांनी उभा केला, असं म्हटलं तर फार चुकीचं ठरणार नाही.

या हौशी मंडळींतलेच ज्युलियस श्वार्ट्झ पुढे डीसी कॉमिक्सचे संपादक झाले. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या अंकांतल्या पत्रांखाली वाचकांचे पूर्ण पत्ते द्यायला सुरुवात केली. जेरी बेल्स या प्राध्यापकानं 1961 मध्ये रॉय थॉमस या तरुण सहकाऱ्यासोबत ‘अल्टर इगो’ हा चाहत्यांचा अंक काढला. मिझुरीत शाळामास्तरकी करणारा हा थॉमस 1965 मध्ये मार्व्हलमध्ये गेला आणि 1972 मध्ये स्टॅन ली यांच्यानंतर तिथला मुख्य संपादक झाला. संपादकांना पत्रं लिहिणारा वाचक संपादकाच्या खुर्चीत बसला. दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात हे इतकं सहज घडलं असेल, असं वाटत नाही.

जपानमध्ये तर हा विचार आणखी पुढे गेला. टोकियोत डिसेंबर 1975 मध्ये ‘कॉमिकेट’ ही हौशी कॉमिक्सची जत्रा भरली, तेव्हा 32 गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. आज ती लाखोंची झाली आहे. पण तिथलं एक तत्त्व अजून कायम आहे : इथे कोणी ग्राहक नाही. विकणारा, घेणारा, रांगा लावणारा स्वयंसेवक, सगळेच ‘सहभागी’.

आपल्याकडे काय घडलं?

आपल्याकडे 1964 च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्याच अंकात ली फॉक यांचा फँटम होता. मूळ अमेरिकेत 1936 मध्ये जन्मलेला हा बुरखेधारी मराठीत ‘वेताळ’ झाला. त्यामुळे मराठी मुलांकडे एकाच वेळी दोन वेताळ आले. एक ‘चांदोबा’त विक्रमाच्या खांद्यावरून कोडी घालणारा आणि दुसरा कवटीच्या गुहेत राहणारा, पांढऱ्या घोड्यावरचा. दोघांत घोळ झाल्याचं मात्र कधी ऐकिवात नाही. मुलांना असल्या गोष्टी बरोबर कळतात.

मूळ कथेत वेताळाचं जंगल ‘बंगाला’ नावाच्या देशात आहे. भारतीय संपादकांनी त्याचं ‘डेंकाली’ केलं. हा एक शब्द आज खुणेच्या आवळीसारखा काम करतो. ऑस्ट्रेलियात 1948 पासून आणि स्वीडनमध्ये 1950 पासून फँटमची स्वतंत्र मासिकं निघत आली. तिथला वाचक ‘डेंकाली’ म्हणत नाही. ‘डेंकाली’ म्हणणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही भेटला, तरी तो इंद्रजालवर वाढलेला आहे, हे न विचारता कळतं. पासपोर्टपेक्षा भरवशाची खूण!

वेताळापाठोपाठ मँड्रेक आणि लोथार आले, फ्लॅश गॉर्डन आला. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ आला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा हा देशी नायक होता. खुद्द बहादूरचे वडील डाकू होते, ही त्यातली खरी गंमत. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं तोपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले होते.

अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेबद्दल वेगळं सांगायला नको. पण त्यांच्याच ‘टिंकल’ची, 1980 मध्ये निघालेल्या मासिकाची, एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. टिंकल वाचकांकडून गोष्टी मागवायचं आणि छापताना पाठवणाऱ्याचं नाव द्यायचं. सर्वांचा लाडका सुपंडी हा संपादकीय बैठकीत जन्मलेला नाही. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानं पाठवलेल्या लोककथांतून तो आला, आणि त्याला चेहरा दिला तो राम वाईरकर यांनी. नागपूर-अमरावतीकडच्या वाचकाच्या ओळखीत याशिवाय नागराज, सुपर कमांडो ध्रुव आणि चाचा चौधरी हमखास असतात. कारण तिकडे हिंदी कॉमिक्स भाड्यानं मिळत आणि एका दिवसात परत करायची म्हणून जेवता जेवता वाचली जात.

मग मराठी वाचक गप्प का?

कुणालाही आवडती पुस्तकं विचारा. ‘व्यक्ती आणि वल्ली’ येईल, ‘मृत्युंजय’ येईल, ‘ययाति’ येईल. जिच्यासाठी खाऊचे पैसे साठवले, ती कॉमिक्स यादीत नसतील. ‘वाचतो’ हे क्रियापद आपण कॉमिक्सला दिलंच नाही. घरातले म्हणायचे, ‘चित्रं बघत बसलाय.’ अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची ती चीज, ती मोठेपणी दिवाणखान्याच्या कपाटात कशी ठेवणार? अमेरिकेत आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला 1992 मध्ये पुलित्झर मिळालं. आपल्याकडे मात्र कॉमिक्स अजून बालपणाच्या खात्यावरच जमा आहेत.

याचा परिणाम फार व्यावहारिक आहे. घर बदलताना, वडिलांच्या पश्चात खोली रिकामी करताना, पहिल्यांदा रद्दीत जातात ती कॉमिक्स. कादंबऱ्या वाचनालयाला दिल्या जातात, पोथ्या कुणी टाकत नाही. कॉमिक्स किलोवर जातात.

त्यातही मराठी अंक अधिक उघड्यावर पडले आहेत. कारण साधं आहे. इंग्रजी इंद्रजालला गिऱ्हाईक बेंगळूरुत आहे, कोलकात्यात आहे, परदेशातही आहे. म्हणून जुन्या पुस्तकांचा विक्रेता तो अंक बाजूला काढून ठेवतो. मराठी अंकाला गिऱ्हाईक फक्त मराठी वाचक. तोच ‘मी वेताळवाला’ म्हणून पुढे येत नसेल, तर विक्रेत्यानं तो अंक कुणासाठी ठेवायचा? मागणी दिसत नाही म्हणून अंक जातो, आणि अंक दिसत नाही म्हणून मागणी होत नाही.

कुणी म्हणेल, ग्रंथालयं आहेत की. 1954 च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. पण कपाटात कुठेतरी एक प्रत असणं आणि साताऱ्याच्या किंवा परभणीच्या वाचकाला ती चाळायला मिळणं, यात खूप अंतर आहे. शिवाय मराठी भाषांतरं कोणी केली? ‘भुताळी जंगल’, ‘कवटीची गुहा’ असली मुलांच्या जिभेवर बसणारी मराठी कुणाच्या टेबलावर घडली? नाट्यअनुवादकांवर आपल्याकडे प्रबंध होतात, या लोकांवर साधा लेखही क्वचित दिसतो.

ओळखीत काय सांगावं?

म्हणूनच कॉमिक्सवाल्यानं स्वतःची ओळख जरा तपशिलात द्यावी. ‘मला लहानपणी कॉमिक्स आवडायची’ या वाक्याचा कुणाला काही उपयोग नाही. कोणता नायक, कोणती भाषा, अंक कुठून घेतला, कोणता क्रमांक जवळ आहे आणि कोणता हवा, एवढं सांगितलं की समोरच्याच्या डोक्यातल्या यादीत खूण होते. एसटी स्टँडवरचा स्टॉल, रेल्वे फलाटावरचा गाडा, शाळेजवळचा रद्दीवाला ही ठिकाणंही सांगावीत. कोणता अंक कुठल्या गावापर्यंत पोचत होता, याची नोंद आता दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

अंकाची अवस्थाही महत्त्वाची. मधल्या पिना गंजल्या असतील तर कागद तिथून फाटतो, म्हणून जाणकार त्या काढून ठेवतात. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावणं हा सर्वांत वाईट उपाय. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि शाई उचलते. आपल्याकडे आणखी एक खास मराठी अडचण आहे : बाइंडिंग. नीटनेटक्या घरांत दहा-बारा अंक एकत्र शिवून घेत. अंक वाचले खरे, पण बाइंडरनं कडा कापल्या आणि बऱ्याचदा गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठंही फेकून दिली. तरीही असा बाड हाती असेल तर त्याला कमी लेखू नये. कित्येकदा सुट्या अंकांपेक्षा तोच पूर्ण असतो. कोऱ्या अंकालाच किंमत देणाऱ्या संग्राहकांशी माझं इथे जमत नाही. आतल्या पानावर ‘हे पुस्तक चि. अमुक याचे आहे, चोरू नये’ असं शाईनं लिहिलेला अंक मला अधिक मोलाचा वाटतो.

स्कॅनचं काय, हा प्रश्न येतोच. अनेक बंद पडलेली कॉमिक्स आज वाचता येतात ती चाहत्यांनी पानन्‌पान स्कॅन केल्यामुळे. पण हक्कधारकाच्या परवानगीविना स्कॅन वाटणं हा कॉपीराइटचा भंग आहे. भारतात हे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतात. त्यामुळे चाहत्यांच्या या कामाबद्दल कृतज्ञ राहूनही तो कायमचा तोडगा म्हणता येत नाही. प्रकाशकांनी जुने मराठी अंक पुन्हा काढावेत असं वाटत असेल, तर घेणारे किती हे त्यांना दिसायला हवं. म्हणजे पुन्हा तेच. ‘मी आहे’ असं सांगणारे हवेत.

‘खरा फॅन’ ठरवणार कोण?

इथे चाहत्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ओळख विचारता विचारता तिची तोंडी परीक्षा कधी होते, कळत नाही. ‘वेताळवाला ना? मग वेताळाच्या लांडग्याचं नाव सांगा.’ मुलगी समोर असेल तर प्रश्न दुप्पट. इंद्रजाल घराघरांत बहिणींनीही तितकंच वाचलं. वेताळाचं आणि डायनाचं लग्न 1977 मध्ये झालं, ते त्यांनाही तितकंच आठवतं. पण संग्राहकांच्या गप्पांत त्यांचा आवाज कमी असतो, आणि त्याला ही परीक्षा बरीचशी जबाबदार आहे.

तीच गोष्ट नव्या पिढीची. विशीतली मुलं जपानी मांगा उजवीकडून डावीकडे सराईतपणे वाचतात. 1997 पासून चालू असलेल्या ‘वन पीस’चे शंभरावर खंड त्यांना पात्रांसकट पाठ असतात. वेताळवाले नाक मुरडतात, ‘ही कसली कॉमिक्स!’ चाळीस वर्षांपूर्वी आपल्या वडिलांनी हेच वाक्य म्हटलं होतं, हे विसरून. खरं तर मराठीत नवी चित्रकथा लिहायची-काढायची झाली, तर ती हीच मुलं काढणार आहेत. त्यांना डेंकाली माहीत नसेल, तर दाखवावी.

आणि दाखवताना तिच्याबद्दल खरं बोलावं. आफ्रिकी जंगलातल्या टोळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस वचक ठेवतो आणि त्या त्याला अमर मानतात, ही कल्पना आज वाचताना खटकते. खटकायलाच हवी. नव्या स्वतंत्र झालेल्या देशातली मुलं त्याच्यावर इतकी का भुलली, हा प्रश्न वेताळवाल्यांनीच विचारला तर उत्तर रंजक निघेल. ‘मला वेताळ आवडतो आणि मला त्यात हे खटकतं’ ही ओळख नुसत्या स्तुतीपेक्षा जास्त काळ गप्पा चालू ठेवते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येईल. तळाशी पिवळ्या पानांचा गठ्ठा निघाला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मुखपृष्ठावरचा क्रमांक आणि भाषा टिपून घ्या, आणि ओळखीतल्या एखाद्या कॉमिक्सवाल्याला फोन करा. तो आधी विचारेल, ‘मराठी आहे?’ आणि मग, ‘मागचं पान शाबूत आहे ना?’