शिदोरी, सावली आणि पाणी



दिवाळीची सुट्टी लागली की शहरात राहणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांना गावाकडची आठवण होते. यंदा कल्याणहून माझा भाचा बायको-मुलांसह आमच्याकडे अक्कलकुव्याला आला. आल्या आल्या म्हणाला, "आत्या, भाड्याची गाडी केली आहे. एक दिवस सातपुडा पाहून येऊ. सकाळी देवगोई घाट चढायचा, मोलगी आणि धडगाव करायचे आणि चांदसैली घाटाने तळोद्याला उतरून परत. जेवायला कुठे थांबायचे, तेवढे तू ठरव."

प्रश्न साधा वाटतो. पण डोंगरातल्या प्रवासात जेवणाची जागा चुकली की सगळा दिवस चुकतो, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज या सदरात त्याविषयीच लिहिते. सुट्टीत पुष्कळ कुटुंबे अशी बाहेर पडतात, त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट वेळेची. घाट भरल्या पोटी चढू नये. वळणावळणाच्या रस्त्यावर लहान मुलांना मळमळते आणि सगळ्यांचाच उत्साह मावळतो. सकाळी घरून निघताना चहा आणि थोडेसे कोरडे खाणे पुरे. पोटभर जेवण घाट संपून पठार लागल्यावरच करावे. आमच्या वाटेवर ते ठिकाण म्हणजे मोलगी. तिथे साडेअकरा-बाराला पोचले तर जेवण निवांत होते आणि पुढच्या वाटेला दिवस उरतो. हिवाळ्यात सहाच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा चांदसैली घाट उजेडी उतरायचा असेल तर धडगावला नुसता चहा घ्यावा, तिथे ताट मांडून बसू नये. गाडीचे तेल अक्कलकुव्यातच भरून घ्यावे. फोनला सगळीकडे रेंज मिळेल, या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट जागेची. देखावा छान दिसला म्हणून घाटाच्या वळणावर गाडी उभी करून सतरंजी पसरणारे लोक मी पाहिले आहेत. तसे मुळीच करू नये. आपल्याला तो देखावा असतो, पण वरच्या पाड्यांना तोच दवाखान्याचा रस्ता असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली. एका आजारी बाईला तिच्या नवऱ्याने खांद्यावर घेऊन चालत नेले, पण उपचार मिळण्याआधीच ती गेली. ज्या रस्त्याने असे दिवस पाहिले, तो आपल्या डब्यासाठी अडवायचा काय? गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर राहील अशी सपाट जागा पाहावी. पावसाळ्यात दरडीखाली आणि ओढ्याच्या पात्रात तर बसूच नये. नंदुरबारहून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात शहराबाहेर मिरची वाळवण्याच्या पथाऱ्या असतात. लाल गालिचा अंथरल्यासारखे ते दृश्य गाडीतूनच पाहावे. तिथे डबा उघडला तर घासापेक्षा शिंकाच जास्त!

आता शिदोरी. आदल्या रात्री आमच्या घरात त्यावरून सभाच भरली. सुनेने पहाटे चारला उठून सगळे करायचे आणि मग गाडीत पेंगत बसायचे, ही रीत मला मान्य नाही. फिरायला सगळे जाणार तर स्वयंपाकही सगळ्यांचा. भाच्याने अंडी उकडली, त्याच्या मुलाने शेंगदाणे सोलले, मी कळण्याच्या भाकरी थापल्या आणि सुनबाईने ठेचा आणि भरीत केले. भरीत दुपारपर्यंतच चांगले राहते, म्हणून ते आधी संपवायचे. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी संध्याकाळपर्यंत टिकते.

तेवढ्यात सुनबाई म्हणाली, "आत्या, सगळे घरूनच नेऊ. तिकडच्या पाड्यातले पाणी, तिकडचे खाणे... स्वच्छ असेल का?"

तिच्या मनात वाईट काही नव्हते. मुलांच्या पोटाची काळजी होती. पण तिचे ते शब्द ऐकून मला माझी आई आठवली.

आई प्रवासाला निघाली की फिरकीचा तांब्या तिच्यासोबत असायचाच. एस. टी. ने दोन तासांचा प्रवास असला तरी तांब्या हवाच. लहानपणी मला त्याची लाज वाटे. एकदा विचारले तेव्हा तिने सांगितले. ती नऊ-दहा वर्षांची असताना उन्हाळ्यात वडिलांबरोबर पायी चालली होती. वाटेत एका घरी पाणी मागितले. घरातल्या बाईने यांना अंगणाबाहेर उभे केले आणि हातभर उंचीवरून ओंजळीत पाणी ओतले. अर्धे कोपरावरून ओघळले. "तहान भागली नाही, झगा मात्र भिजला," असे आई म्हणायची. त्या दिवसापासून तिने दुसऱ्याच्या दारचे पाणी मागितले नाही.

आपल्यातल्या जाणत्या वाचकांना इथे बाबासाहेबांचा १९०१ सालचा प्रवास आठवेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. सातारहून मसूर स्टेशनपर्यंत रेल्वेने आणि तिथून बैलगाडीने ही मुले वडिलांना भेटायला निघाली होती. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांची जात कळल्यावर गाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. टोपलीत भरपूर खाणे होते. पण वाटेत मिळाले ते जनावरांनी घाण केलेले डबके, आणि मध्यरात्री जकातनाक्यावर पाणी मागितले तर तेही मिळाले नाही. जवळ अन्न असून मुले उपाशी झोपली, ती केवळ पाण्यावाचून! चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. पण त्या तळ्याची वाट या टोपलीपासूनच सुरू झाली असावी, असे मला नेहमी वाटते.

आमच्या खानदेशात प्रवासाला दशम्या नेतात. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचे. दशमी टिकते, हे खरेच. पण जुन्या सोवळ्यात तिचे आणखी एक कारण होते. पाण्यात मळलेली भाकरी परक्याच्या स्पर्शाने बाटते, दुधात मळलेली बाटत नाही, असा तो हिशेब. म्हणजे पाहा, एकाच रस्त्यावर एक जण पाण्याचा विटाळ होऊ नये म्हणून दशमी बांधत होता, आणि दुसऱ्याला पाणी कुणी देत नव्हते म्हणून त्याची भाकरी तशीच राहत होती.

हे सगळे मी सुनबाईला सांगितले. ती गप्प राहिली. मी म्हणाले, "अगं, मुलांना जप, जरूर जप. पण स्वच्छतेची पारख चुलीवर कर, माणसावर नको." बाहेर खाताना समोर शिजलेले, वाफाळलेले घ्यावे. चिरून ठेवलेला कांदा-काकडी आणि उघड्यावरची चटणी टाळावी. लहानांसाठी उकळून गार केलेले पाणी बरोबर असावे. हे नियम मुंबईच्या हॉटेलालाही लागू आहेत आणि मोलगीच्या टपरीलाही. जो नियम फक्त पाड्यालाच लावला जातो, तो स्वच्छतेचा नसतो.

तरीही आम्ही पाणी घरूनच नेले. माणशी तीन लिटर धरून दोन कॅन भरले. कारण वेगळे होते. सातपुड्यात पाऊस पडतो, पण पाणी उतारावरून वाहून जाते. उन्हाळा लागला की कित्येक पाड्यांतल्या बायका झऱ्यावरून, दरीतल्या विहिरीवरून हंडे वाहतात. अशा ठिकाणी सात माणसांच्या ताटांना त्यांचे पाणी वापरणे बरे दिसत नाही. ज्यांच्या आजोळी पाण्यासाठी ओंजळ पसरावी लागली, त्यांनी दुसऱ्याच्या हंड्याची किंमत जाणली नाही तर कोण जाणणार? तेव्हा भांडी घरी येऊनच घासावीत. खरकटे आणि प्लास्टिक पिशवीत भरून परत आणावे.

मोलगीला आम्ही अर्धी भूक शिदोरीने आणि अर्धी तिथल्या चुलीने भागवली. समोर थापलेली गरम भाकरी आणि उडदाची डाळ. घासाघीस न करता पैसे दिले. भगर आणि आमचूर विकत घेतले. नंदुरबारच्या आमचुराला आणि मिरचीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उन्हाळ्यात याच डोंगरातल्या बाया कैऱ्या चिरून, वाळवून ते करतात, हे मुलांना सांगितले.

पुढे धडगावच्या वाटेवर सावलीला थांबलो होतो. जवळच एक कुडाचे घर होते. माझी भाचेनात खेळता खेळता तिथे गेली आणि तिने पाणी मागितले. गाडीत दोन कॅन असताना! सुनबाई उठू लागली, मग आपणच खाली बसली. घरातल्या बाईने माठातून तांब्या भरला आणि पोरीच्या हातात दिला. हातात! पोरीने तो तोंडाला लावून पाणी प्यायले आणि रिकामा तांब्या परत दिला. बाईने तो घेतला आणि कामाला लागली. दोघींनाही त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र आईचा भिजलेला झगा आठवला आणि काही क्षण बोलता आले नाही.

तर बंधू-भगिनींनो, सुट्टीत जरूर बाहेर पडा. घाटाआधी हलके खा, घाटानंतर पोटभर जेवा, उजेड असेतो खाली उतरा. सावली पाहून बसा, पण रस्ता अडवू नका. पाणी घरचे न्या आणि वाटेत कुणी तांब्या पुढे केला तर नाही म्हणू नका. आणि डबा उघडण्यापूर्वी मुलांना मसूरच्या वाटेवरल्या त्या टोपलीची गोष्ट सांगा. ऐकून घेतील आणि ताटातले टाकणारही नाहीत.