फेलोशिप अडते ते टेबल कोणाचे?

रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी या जगाचा निरोप घेतला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने एक हिशेबही लिहून ठेवला होता. सात महिन्यांची फेलोशिप येणे बाकी आहे, १ लाख ७५ हजार रुपये. ते माझ्या घरच्यांना मिळतील असे बघा, अशा अर्थाचा तो मजकूर होता. रोहितचे निलंबन, वसतिगृहातून काढलेले सामान, त्यामागचे दिल्ली ते हैदराबादचे राजकारण यावर देशभर रान उठले आणि ते उठायलाच हवे होते. पण दरमहा २५ हजारांची ती रक्कम सलग सात महिने नेमकी कोणत्या टेबलावर थांबली होती, त्या टेबलामागे कोण बसले होते, हा प्रश्न गर्दीत मागे पडला. आम्हांला आज तोच प्रश्न विचारायचा आहे.

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुलगुरू येतात, प्राध्यापक येतात, गाइड येतो. गाइडने छळले तर त्याच्याविरुद्ध मोर्चा निघतो. परंतु संशोधक विद्यार्थ्याच्या पाच-सहा वर्षांचे खरे मालक अनेकदा वेगळेच असतात. पीएच.डी. सेक्शनचा कक्ष अधिकारी, लेखा विभागातला साहाय्यक, फेलोशिपचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो लिपिक! अमेरिका-इंग्लंडात या कामाला स्वतंत्र पेशाचा दर्जा आहे. तिथे त्यांना रिसर्च ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. अमेरिकेत तर त्यांची राष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे. अनुदान कुठे उपलब्ध आहे ते शोधायचे, अर्ज व अंदाजपत्रक तयार करायला संशोधकाला मदत करायची, पैसा आल्यावर त्याचे हिशेब ठेवायचे, अटी पाळल्या जातात की नाही ते पाहायचे आणि संशोधकाला कारकुनीतून मोकळे करायचे, हे त्यांचे काम. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. इथे संशोधकच अर्धे वर्ष कारकुनी करतो आणि कारकून त्याचे संशोधन पुढे जाऊ द्यायचे की नाही ते ठरवतो.

हे कसे घडते ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. यूजीसीने फेलोशिपची रक्कम कॅनरा बँकेमार्फत थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकण्याची पद्धत आणली. ऐकायला फार छान! मधला दलाल गेला असे वाटते. पण त्या पद्धतीत विद्यापीठातल्या दोन माणसांच्या हाती किल्ल्या दिल्या, एक मेकर आणि दुसरा चेकर. हा विद्यार्थी या महिन्यात हजर होता, काम करीत होता, अशी माहिती मेकरने दर महिन्याला पोर्टलवर भरायची आणि चेकरने ती मंजूर करायची. दोघांपैकी एक रजेवर गेला, निवडणुकीच्या कामाला गेला, नॅकच्या तयारीत अडकला किंवा त्याची नुसती मर्जी फिरली की त्या महिन्याचे पैसे थांबले. घरभाडे भत्त्याचा दाखला वेगळा, आकस्मिक खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र वेगळे. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ व्हायची तर समिती बसवायची, तिचे इतिवृत्त लिहायचे, सही-शिक्क्याने वर पाठवायचे. समिती बसते वेळेवर आणि इतिवृत्त पडून राहते चार महिने, असेही घडते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३१ हजारांची ३७ हजार आणि एसआरएफ ३५ हजारांची ४२ हजार झाली. म्हणजे नुसत्या पदोन्नतीच्या कागदाला उशीर झाला तरी महिन्याला ५ हजार रुपये अडकले.

कुणी म्हणेल, थकबाकी नंतर मिळते, मग एवढा गहजब कशाला? ज्याच्या बापाची शेती आहे, नोकरी आहे, शहरात फ्लॅट आहे, त्याच्यासाठी उशिरा आलेला पैसा म्हणजे उशिरा आलेला पैसा, एवढेच. आमच्या मुलाचे तसे नाही. मेसवाला थकबाकीवर जेवण घालीत नाही. खोलीमालक तर आडनाव ऐकूनच भुवया चढवतो, तो भाड्यासाठी चार महिने थांबेल काय? गावाकडची आई उलट पोराच्या फेलोशिपमधून धाकटीची फी जाईल म्हणून वाट पाहत असते. अशा घरातला मुलगा तिसऱ्या महिन्यात शिकवणीवर्गात तासिकेवर जातो, सहाव्या महिन्यात कुरिअरची पाकिटे वाटतो, आणि मग सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत संशोधन सल्लागार समिती त्याला विचारते की तुझे काम मागे का? यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी सहा वर्षांची मर्यादा घातली आहे, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षे. घड्याळ विद्यार्थ्यासाठी चालते. कार्यालयाच्या टेबलावर मात्र घड्याळच नाही! फाइल किती दिवसांत हलली पाहिजे याची मर्यादा तिथे कोण पाळतो आणि मोडली तर कोणाचा पगार कापला जातो?

विद्यापीठाच्या कागदाची ताकद काय असते, हे बाबासाहेबांच्या आयुष्याइतके दुसरीकडे कुठे दिसणार नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवली, चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करण्याची. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून पै-पै साठवून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. झाले. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे. पण १९१७ साली तो परवानगीचा कागद कुणी अडवून धरला असता तर? साहेब नाहीत, उद्या या, अर्जाला एक जोडपत्र कमी आहे, असे सांगून परतवले असते तर? आज आमच्या विद्यापीठांत रोज हेच सांगितले जाते.

आता दुसरी बाजू. टेबलामागे बसलेला प्रत्येक जण मनुवादी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ती सोपी घोषणा झाली. पुष्कळदा तो आपलाच पोरगा असतो. कंत्राटावर, ठेकेदाराच्या हातून पगार घेणारा, पोर्टलचे धड प्रशिक्षण न मिळालेला. शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे भरायची नाहीत, एकाच माणसावर तीन टेबले लादायची आणि मग दिरंगाईचे खापर त्याच्या माथी फोडायचे, ही प्रशासनाची जुनी खोड आहे. परंतु दिरंगाईचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याचा काका व्यवस्थापन परिषदेवर आहे त्याची फाइल चालत जाते, आमच्या मुलीची फाइल सरपटत जाते. जात नियमांच्या पुस्तकात लिहिलेली नसते, ती फाइलच्या वेगात असते.

राज्याच्या पातळीवरही चित्र वेगळे नाही. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधकांना सरसकट फेलोशिप मिळावी म्हणून २०२३ मध्ये आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे ते मैदानात! अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय फेलोशिपचे काम ऑक्टोबर २०२३ पासून यूजीसीकडून काढून अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाकडे दिले गेले. यंत्रणा बदलली की जुन्या यंत्रणेतल्या मुलांची कागदपत्रे पुन्हा पडताळणीला जातात आणि त्या काळात पोट कुणी भरायचे याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नसते.

म्हणून आमच्या मागण्या मोर्चातल्या घोषणांपेक्षा कोरड्या आहेत, पण त्याच कामाच्या आहेत. प्रत्येक विद्यापीठाने मेकर आणि चेकर कोण, ते रजेवर असताना बदली माणूस कोण, हे संशोधन विभागाच्या दारावर लावावे. महिन्याची माहिती कोणत्या तारखेला भरली गेली ते विद्यार्थ्याला दिसावे. संशोधन प्रशासनाची पदे कायम स्वरूपाची, प्रशिक्षित माणसांची आणि बिंदुनामावलीप्रमाणे भरावीत. पीएच.डी. झालेल्या पण प्राध्यापकाच्या जागेची वाट पाहत वय घालवणाऱ्या आमच्या तरुणांनीही या पदांकडे कमीपणाने पाहू नये. अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, उपयोगिता प्रमाणपत्र कसे भरायचे हे ज्याला येते, तो शंभर मुलांचे संशोधन वाचवू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये संशोधन मंडळाची तरतूद आहे. चळवळीच्या मतांवर अधिसभेत निवडून गेलेल्यांनी तिथे किती फेलोशिप किती दिवस थकल्या, हा एक प्रश्न दर बैठकीत विचारावा.

तोवर विद्यार्थ्यांनी गप्प बसायचे कारण नाही. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे, अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागील बारा महिन्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांची माहिती पोर्टलवर कोणत्या तारखांना भरली आणि कोणत्या तारखांना मंजूर केली, याची महिनावार यादी मागा. नावे नकोत, तारखा पुरेत. एका विद्यार्थ्याने मागितली तर त्याला गाइडमार्फत दम दिला जाईल. तेव्हा अर्ज विद्यार्थी नसलेल्या कार्यकर्त्याच्या नावाने करा, आणि एकाच आठवड्यात सगळ्या विद्यापीठांत करा.