गळ शिकवा, पण पाणी कोणाचं तेही शिकवा

अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये मासेमारीचे क्लब असतात, हे ऐकून आपल्याकडचे बरेच कार्यकर्ते हसतात. मासे धरायला शाळा कशाला? पण हा तिथं गंभीर कारभार आहे. इलिनॉय राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनं 2008-09 या शैक्षणिक वर्षात बास माशाच्या गळमासेमारीला राज्य स्पर्धेचा दर्जा दिला. पाठोपाठ केंटकीनंही तेच केलं. फुटबॉलसारखाच शाळेचा संघ, शिक्षक प्रशिक्षक, पोरांच्या अंगात शाळेच्या नावाचा टी-शर्ट. सोबत 'जबाबदार मासेमारी' आणि निसर्गसंवर्धनाचे धडे.

हे धडे वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. माशाला हात लावायच्या आधी हात ओले करा, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाका, म्हणजे सोडताना तोंड फाटत नाही. शिशाची वजनं पाण्यात टाकू नका, ती गिळून पाणपक्षी मरतात. ठरल्या मापापेक्षा लहान मासा परत सोडा. एका तळ्यातला मासा उचलून दुसऱ्या तळ्यात टाकू नका. ही शहाणपणाची शिकवण आहे. 1950 च्या केंद्रीय कायद्यानुसार तिथं मासेमारीच्या सामानावरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाला जातो, हेही खरं. गळ विकत घेणारा पोरगा नकळत तळ्यासाठी पैसे भरतो. आपल्याकडे नदी नासवणारा कारखानदार काय भरतो, हा प्रश्न इथंच विचारून ठेवू.

आमचा आक्षेप 'जबाबदार' या शब्दावर आहे. कोण जबाबदार, कोण बेजबाबदार, हे ठरवतो कोण? समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. ज्याच्या हातात सत्ता असते तो स्वतःच्या सवयीला शिस्त म्हणतो आणि दुसऱ्याच्या जगण्याला गुन्हा. मासेमारीच्या बाबतीत हे नुसतं पुस्तकी वाक्य नाही, त्याचा इतिहास घडलेला आहे. तो विस्कॉन्सिन राज्यातला आहे आणि आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा.

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ओजिब्वे आदिवासी राहतात. 1837 आणि 1842 च्या करारांनी त्यांनी आपली जमीन अमेरिकी सरकारला दिली, पण त्या जमिनीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा, रानातलं गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. म्हणजे हा हक्क कोणी दान दिलेला नव्हता. पुढे राज्य सरकारनं तो कागदावरच गाडला. राखीव प्रदेशाबाहेर मासा धरणारा ओजिब्वे चोर ठरू लागला. 1974 साली दोन ओजिब्वे भावांनी मुद्दाम हद्दीबाहेरच्या गोठलेल्या तळ्यावर जाऊन भाल्यानं मासे मारले. त्यांना पकडलं, खटला चालला आणि 1983 साली केंद्रीय अपील न्यायालयानं सांगितलं की करारातला हक्क आजही जिवंत आहे.

आता आपल्या वाचकाला काय आठवतं? आम्हाला महाड आठवतं. मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव 1923 ला झाला, महाड नगरपालिकेनं 1924 ला चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरी 20 मार्च 1927 पर्यंत एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत ते पाणी आलं नाही. कागदावर हक्क होता. तो वापरायला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. गोठलेल्या तळ्यावर गेलेले ते दोन भाऊ आणि चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणारे आपले आजे-पणजे एकच काम करत होते.

निकालानंतर काय झालं तेही तसंच. 1980 च्या दशकाच्या शेवटी दर वसंतात गोऱ्यांचे जमाव तळ्यांच्या धक्क्यांवर जमू लागले. बर्फ वितळलं की वॉलआय नावाचा मासा अंडी घालायला उथळ पाण्यात येतो, रात्री दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात आणि ओजिब्वे भाल्यानं तो टिपतात. ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. जमावानं त्यांच्यावर दगड फेकले, गलोलीनं छर्रे मारले, वंशद्वेषी शिव्या दिल्या. आणि या जमावाची घोषणा कोणती? मासे वाचवा. संवर्धन! त्यात हौशी गळवाले होते आणि त्यांच्या जिवावर हॉटेलं चालवणारे होते. तळी आदिवासी रिकामी करतील, अशी त्यांना म्हणे काळजी लागली होती. 1991 साली केंद्र, राज्य आणि जमाती यांचा संयुक्त अहवाल आला. आदिवासींच्या भाल्यामुळे वॉलआयची संख्या धोक्यात आलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष. परवानाधारक हौशी मंडळी गळानं नेत होती ते मासे आदिवासींच्या कितीतरी पटींनी जास्त होते. उलट भाल्यानं धरलेला मासा धक्क्यावरच मोजला आणि मापला जातो. गळवाल्यांच्या डब्यातल्या प्रत्येक माशाची अशी मोजणी कोणी करत नाही.

महाडच्या सवर्णांनी तळं बाटलं म्हणून 108 घागरी पंचगव्य ओतून ते शुद्ध केलं होतं. विस्कॉन्सिनच्या जमावाकडे पंचगव्य नव्हतं, म्हणून त्यांनी संवर्धन ओतलं, एवढाच फरक.

आमच्या लेखाचा मुद्दा मात्र यापुढचा आहे. या दंगलींच्या धगीतच विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानं 1989 साली एक कायदा केला. तिथं तो 'अ‍ॅक्ट 31' म्हणून ओळखला जातो. राज्यातल्या मान्यताप्राप्त जमातींचा इतिहास, संस्कृती आणि सार्वभौमत्व प्राथमिक वर्गांत किमान दोनदा आणि हायस्कुलात किमान एकदा शिकवलंच पाहिजे, असं त्यात आहे. चौथी ते बारावीसाठी ओजिब्वेंच्या करारातल्या हक्कांचा अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी राज्याच्या शिक्षण खात्यावर टाकली. नव्या शिक्षकालाही हे शिकल्याशिवाय परवाना नाही. दगड मारणारे शाळेत काय शिकले नव्हते, हे त्या विधिमंडळाला बरोबर कळलं होतं. अंमलबजावणी ढिली राहिली ही तिथल्या आदिवासींची जुनी तक्रार आहे, आणि ती आपल्याला नवी वाटणार नाही. तरी कायदा आहे. त्यावर बोट ठेवता येतं.

म्हणून आम्ही म्हणतो, शाळेत मासेमारीचा क्लब काढा, खुशाल काढा. पण पहिल्या तासाला गळ हातात देऊ नका. पहिल्या तासाला हे तळं कोणाचं होतं, कोणाकडून घेतलं, आज कोणाला इथं परवाना लागतो आणि का लागतो, हे शिकवा. त्यानंतर हात ओले करायला सांगा.

आपल्यातले काही तरुण इथं वेगळाच मुद्दा काढतील. आपण बौद्ध, पहिलं शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं, मग मासेमारीच्या क्लबची चर्चाच कशाला? त्यांना आमचं सांगणं आहे की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा वाचा. बाबासाहेबांनी तिथं तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या आहेत. ही फूटपट्टी लावून बघा. भाल्यानं मासा मारून घरच्यांना खाऊ घालणाऱ्याकडे गरज आहे. गळ टाकून, तोंडात काटा रुतवून, फोटो काढून परत सोडणाऱ्याकडे काय आहे? मासा वाचला म्हणून तो अहिंसक, आणि खाणारा रानटी? जगानं नेमकं उलटं प्रमाणपत्र वाटलं आहे. आम्हाला तरी पकडून सोडण्याच्या खेळात करुणा दिसत नाही.

हे सगळं तिकडचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. 1946 साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दुसऱ्यांच्या लढ्यातून आपलं हत्यार घडवणं ही आपलीच परंपरा आहे.

आपल्या शाळांत मासेमारी क्लब नाहीत, पण राष्ट्रीय हरित सेना आहे, निसर्ग मंडळं आहेत. भंडारा-गोंदियाकडे चला. तिथले माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, यांच्यावर ढिवर समाज जगत आला. मरळ कुठं अंडी घालते, मांगूर कोणत्या चिखलात बसतो, कोणती पाणवनस्पती गेली की कोणता मासा जातो, हे ढिवर बाईला पाठ असतं. तलावात बेशरम माजली, संस्थांनी रोहू-कटला-मृगळचं बीज सोडलं, देशी मासा आटला. काही गावांत ढिवर बायांनीच बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या. हे संवर्धन नाही तर काय आहे? पण हरित सेनेच्या तासाला पोरं काय करतात? घोषणांचे फलक रंगवतात. वर्गात ढिवराचं पोर बसलेलं असतं, त्याच्या आईला या विषयात गुरुजींपेक्षा जास्त कळतं, आणि तिला कोणी शाळेत बोलावत नाही. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून त्याच पोराला मागच्या बाकावर बसवतात.

एक गोष्ट मात्र आम्ही झाकणार नाही. तलावाकाठचा गाव काही समतेचा स्वर्ग नव्हता. मासे धरणाऱ्या जातींचा तलाव होता, मालगुजाराचा तलाव होता, आपल्या वस्तीचा नव्हता. अनेक ठिकाणी आपल्या माणसांना घाटही वेगळा होता. मच्छीमारांचं पारंपरिक ज्ञान म्हणून जातीलाच हार घालायला आम्ही तयार नाही. ज्ञान घ्या, त्याची मजुरी द्या, जात सोडा. ओजिब्वेंचा हक्क करारातून येतो, जन्मानं लादलेल्या धंद्यातून येत नाही. हा फरक विसरला की पर्यावरणवादी मंडळी आपल्याला अलगद जातिव्यवस्थेच्या कौतुकापर्यंत नेऊन सोडतात.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील. ज्या शाळा व्यवस्थापन समित्यांवर आपले कार्यकर्ते पालक म्हणून बसलेले आहेत, त्यांनी पहिल्याच बैठकीत लेखी प्रस्ताव ठेवावा. हरित सेनेचा एक तास गावच्या तलावावर व्हावा. तो मत्स्य सहकारी संस्थेतल्या बाईनं घ्यावा आणि तिला त्याचं मानधन मिळावं. तलावाचा ठेका कोणाकडे, घाट कोणाला बंद होता, पाणवठा कधी आणि कोणी खुला केला, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून वहीत लिहावं. प्रस्तावाची पोच घ्या. समितीनं नाकारला तर नाकारल्याचं कारण इतिवृत्तात लिहून मागा आणि त्याची प्रत आम्हाला पाठवा.

जय भीम.