वरदेचे पाणी

काही गाणी इतक्या वेळा कानांवरून जातात की त्यांतले शब्दच ऐकू येईनासे होतात. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे त्यांतलेच एक. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते आपले राज्यगीत आहे. आमच्या मिहानातल्या समारंभांतही ते लागले की मंडळी उभी राहतात. पण हे गाणे एका नागपूरकराने लिहिले, असे वर्गात सांगितले की निम्मी मुले चमकून वर पाहतात!

हे नागपूरकर म्हणजे राजा बढे. जन्म १९१२ चा, इथलाच. मूळचा हळुवार भावगीतांचा कवी. ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या गळ्यातून पाखराला माहेरी धाडणारे गाणे त्यांचेच. अशा माणसाने डफावर शोभणारे गीत लिहावे ही मौज खरीच. पण गाण्याचे मर्म आणखी पुढे आहे.

पहिल्याच कडव्यात कवी नद्यांची नावे घेतो. पहिली रेवा, म्हणजे नर्मदा. दुसरी वरदा. वाचकहो, वरदा म्हणजे आपली वर्धा! मिहानवरून जाणारा वर्धा रोड ज्या गावाला पोचतो, त्याला नाव देणारी नदी. ही नदी पिढ्यान्‌पिढ्या सीमा होती. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी तिच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. मग अलीकडे भोसले, पलीकडे निजाम. त्या सीमेलाच कवीने कृष्णा-कोयनेच्या पंक्तीला बसवले आणि सगळ्यांचे पाणी एकत्र केले. ही नुसती कल्पना नव्हे. वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत उतरते.

गाणे घडलेही तसेच. शब्द नागपूरच्या कवीचे, आवाज वाईजवळच्या पसरणीच्या शाहीर साबळ्यांचा, चाल बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळ्यांची.

आता थोडी अवघड गोष्ट. १९५६ साली नागपूरचे राजधानीपण गेले. १९५३ च्या नागपूर कराराची आश्वासने आणि विदर्भाचा अनुशेष यांवर आमच्याकडे अजून वाद झडतात. वेगळा विदर्भ हवा म्हणणारी माणसे घराघरांत आहेत. ‘सर, हे गाणे आम्ही का म्हणायचे?’ असे एखादा विद्यार्थी तोंडावर विचारतो. मला तो उद्धटपणा वाटत नाही. मी एवढेच सांगतो, की बाबा, या गाण्यात वरदेचे पाणी आपल्याच माणसाने ओतले आहे. ते कोणी उपकार म्हणून घेतलेले नाही. बरोबरीच्या नात्याने आलेले आहे. ज्याने पाणी आणले त्याला गाण्याचा अभिमान धरता येतो, आणि आपला वाटा मागण्याचा हक्कही त्याचाच असतो.

विदर्भ वेगळा असावा की नसावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र या दिवाळीत शाहिरांचे ते जुने ध्वनिमुद्रण कुठे लागले, तर दुसऱ्या नदीच्या नावापाशी क्षणभर कान द्या.